चौघांतला तिसरा : बीटल्सनंतरचा जॉर्ज हॅरिसन

'बीटल्स' हे नाव उच्चारताच आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कपाळावर केस आलेले, एकसारखे कोट घातलेले चार इंग्रज तरुण उभे राहतात. त्यांतली जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी ही दोन नावे चटकन ओठांवर येतात. ड्रम वाजवणारा रिंगो स्टार त्याच्या गमतीदार नावामुळे लक्षात राहतो. राहिला जॉर्ज हॅरिसन. त्याची ओळख आपल्याकडे नेहमी एकाच वाक्यात करून दिली जाते : पंडित रविशंकरांकडे सतार शिकला तो. वाक्य खोटे नाही. पण एवढ्यावर त्या माणसाची बोळवण करणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

एखादा गाजलेला गायकसंच फुटतो तेव्हा वर्तमानपत्रे पुढच्या दोघांकडे पाहतात. जो तिसरा असतो, ज्याची गाणी नेहमी मागे ठेवली जात होती, त्याचे पुढे काय होते? हॅरिसनच्या बाबतीत याचे उत्तर द्यायची एक ठरलेली रीत आहे. दोन मोठ्या झाडांच्या सावलीत एक रोप खुरटले होते, झाडे बाजूला झाली आणि रोप फोफावले, अशी ती कथा. मला ती अर्धीच खरी वाटते. सावलीतून बाहेर आल्यावर त्याला उन्हाचाही त्रास झाला, आणि त्याच्या उत्तम कामापैकी बरेचसे त्याने पुन्हा कुणाच्या तरी शेजारी उभे राहूनच केले. हे कसे, ते सांगण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. जॉर्जचा जन्म २५ फेब्रुवारी १९४३ रोजी लिव्हरपूल येथे झाला. वडील बसवर नोकरीला. चार भावंडांत हा धाकटा. मॅकार्टनी त्याच्याच शाळेत एक वर्ष पुढे होता. त्याच्या ओळखीने जॉर्ज १९५८ साली लेननच्या संचात शिरला, तेव्हा तो जेमतेम पंधरा वर्षांचा होता. संचातले हे धाकटेपण त्याला अखेरपर्यंत पुरले. लेनन आणि मॅकार्टनी यांची गीतरचनेची जोडी आधीच जमलेली होती. गाणी दोघांच्या जोडनावाने निघत. जॉर्जने स्वतः रचलेले पहिले गाणे १९६३ च्या दुसऱ्या एल.पी.वर आले. त्यानंतर एका तबकडीवर एक किंवा दोन गाणी हा त्याचा वाटा जवळजवळ ठरून गेला. १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर'वर तीन मिळाली, ती मोठी मजल. १९६८ साली दोन तबकड्यांचा, तीस गाण्यांचा संच निघाला, त्यात चार.

पण याच काळात त्याने स्वतःसाठी एक वेगळी खिडकी उघडून घेतली होती, आणि ती आपल्या दिशेने उघडत होती. १९६५ साली 'रबर सोल' या तबकडीतील एका गाण्यात त्याने सतार वाजवली. ती नुसती हौस होती. १९६६ च्या जूनमध्ये लंडनला रविशंकरांची भेट झाली आणि हौसेची साधना व्हावी असे त्याला वाटू लागले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो शिकण्यासाठी मुंबईला आला. ताजमहाल हॉटेलात दुसऱ्याच नावाने उतरला, ओळखू येऊ नये म्हणून मिशीही वाढवली होती. पण मुंबईच ती, त्याला ओळखले गेले, बाहेर गर्दी जमली, पत्रकार परिषद घ्यावी लागली, आणि अखेर गुरुशिष्य काश्मीरला निघून गेले. १९६८ च्या जानेवारीत तो पुन्हा मुंबईत आला, तो 'वंडरवॉल' या चित्रपटाचे संगीत करण्यासाठी. एच.एम.व्ही.च्या स्टुडिओत हे काम झाले. तिथे दोन पट्ट्यांचे स्टीरिओ ध्वनिमुद्रणयंत्र नव्हते, म्हणून कंपनीचे भास्कर मेनन यांनी ते कलकत्त्याहून रेल्वेने आणवले. वादकांत सरोदला आशिष खाँ, संतूरला शिवकुमार शर्मा, तबला-पखवाजाला महापुरुष मिश्र आणि बासरीला एस. आर. केंकरे अशी मंडळी होती. (तबकडीवर या नावांची इंग्रजी वर्तणी इतकी वेडीवाकडी छापली आहे की शिवकुमारांचे आडनाव ओळखायला प्रयास पडतात.) त्याच मुक्कामात 'दि इनर लाइट' या गाण्याचे वाद्यसंगीत मुद्रित झाले. बीटल्सच्या दोन बाजूंच्या छोट्या तबकडीवर स्थान मिळालेली जॉर्जची ही पहिली रचना. तीही मागच्या बाजूला. मुंबईत तो जे काम करत होता त्यात त्याच्यापुढे रांग नव्हती, एवढे ध्यानात ठेवू.

लंडनमध्ये मात्र रांग होती. जानेवारी १९६९ मधल्या तालमींचे चित्रण झाले होते. ते २०२१ साली पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाने 'गेट बॅक' या दीर्घ मालिकेतून लोकांपुढे आणले. मी ती पाहिली, आणि सर्वांत जास्त लक्षात राहिला तो जॉर्जचा चेहरा. तो नवे गाणे घेऊन येतो, वाजवून दाखवतो. इतर ऐकतात, थोडे साथ करतात, आणि मग विषय दुसरीकडे वळतो. कोणी दुष्टपणा करत नाही. पण घरातल्या धाकट्याचे बोलणे जसे सर्वांच्या कानांवर पडते आणि कोणीच ऐकत नाही, तसे ते आहे. 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हे गाणे या तालमींत कितीदा तरी वाजवले गेले आणि शेवटी घेतले गेले नाही. १० जानेवारीला जॉर्ज शांतपणे संच सोडून निघून गेला. घरी जाऊन त्याच दिवशी त्याने 'वा-वा' नावाचे गाणे लिहिले, ते रागाचे आहे. सुमारे बारा दिवसांनी तो परतला. त्या वर्षीच्या 'ॲबी रोड' तबकडीवर त्याची दोन गाणी आली, 'समथिंग' आणि 'हिअर कम्स द सन', आणि ती आज त्या तबकडीतली सर्वांत आवडती गाणी मानली जातात. 'समथिंग' तर छोट्या तबकडीच्या पुढच्या बाजूला निघाले; जॉर्जच्या गाण्याला हा मान पहिल्यांदाच मिळाला. पण उशीर झाला होता. लेननने आपण सोडत असल्याचे सप्टेंबरातच आतल्या आत सांगून टाकले होते, आणि १० एप्रिल १९७० रोजी मॅकार्टनीच्या निवेदनाने ते जगजाहीर झाले.

संच फुटला तेव्हा लेनन-मॅकार्टनींची कोठी जवळजवळ रिकामी होती, कारण त्यांचा माल वेळच्या वेळी बाजारात जात होता. जॉर्जची कोठी भरलेली होती. १९७० च्या नोव्हेंबर अखेरीस त्याने एकदम तीन तबकड्यांचा संच काढला. नाव तेच, नाकारलेल्या गाण्याचे : 'ऑल थिंग्ज मस्ट पास'. रागाचे 'वा-वा'ही त्यात होते, आणि त्यावर वाजवायला रिंगोही होता, हे विशेष. मुखपृष्ठावर आपल्या बागेत स्टुलावर बसलेला जॉर्ज आणि त्याच्याभोवती पडलेले चार मातीचे बुटके. ते चार कोण, हे ज्याने त्याने समजून घ्यावे. अमेरिकेत हा संच सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला, आणि 'माय स्वीट लॉर्ड' हे त्यातील गाणे अटलांटिकच्या दोन्ही बाजूंना पहिले आले. बीटल्सपैकी कोणाच्याही स्वतंत्र गाण्याला हे यश पहिल्यांदा मिळाले, तेही लेननला नव्हे, मॅकार्टनीला नव्हे. माझे स्पष्ट मत असे की तिसरी तबकडी, जिच्यावर मित्रमंडळींचे नुसते वाजवणे आहे, ती नसती तरी बिघडले नसते. आणि फिल स्पेक्टर या निर्मात्याने आवाजावर आवाज चढवून जी भिंत उभी केली आहे, तिच्यामागे कित्येकदा गायक हरवतो. २००१ साली संच पुन्हा निघाला तेव्हा खुद्द जॉर्जने हा घुमारा कमी करावासा वाटतो असे म्हटले होते. तरीही पहिल्या दोन तबकड्यांत एका माणसाचे सात-आठ वर्षांचे साचलेले बोलणे आहे, आणि ते ऐकताना जाणवते.

'माय स्वीट लॉर्ड'वर थोडे थांबले पाहिजे, कारण त्या एका गाण्याने त्याला वर नेले आणि त्याच गाण्याने कोर्टात उभे केले. ईश्वराला भेटण्याची ओढ हा गाण्याचा विषय. कोरस आधी ख्रिस्ती 'हालेलुया' म्हणतो, आणि म्हणता म्हणता 'हरे कृष्ण' कधी सुरू झाले ते कळत नाही. पुढे आपण गुरुपौर्णिमेला शाळेत म्हणतो तो गुरूचा श्लोकही येतो. १९७१ च्या फेब्रुवारीत एका प्रकाशन-कंपनीने दावा लावला की ही चाल चोरलेली आहे. त्यांचे गाणे होते 'ही'ज सो फाइन', रॉनी मॅक याने रचलेले, 'शिफॉन्स' या मुलींच्या संचाने १९६३ मध्ये गायलेले. एक प्रियकराविषयीचे, दुसरे परमेश्वराविषयीचे. पण कायदा शब्दांकडे पाहत नव्हता.

खटला १९७६ मध्ये न्यूयॉर्कला उभा राहिला. न्यायाधीश रिचर्ड ओवेन हे स्वतः ऑपेरा रचणारे गृहस्थ होते, त्यामुळे निकालपत्रात चक्क स्वरलेखन आहे. ते आपल्या सरगमीत मांडले तर असे : दोन्ही गाण्यांचा पहिला तुकडा 'प ग रे', तो चार वेळा येतो, त्यानंतर दुसरा तुकडा 'प ध सां ध सां', तोही एका गाण्यात चारदा आणि दुसऱ्यात तीनदा येतो, आणि त्यातली एक बारीक हरकतसुद्धा त्याच जागी. मी हे स्वर पेटीवर वाजवून पाहिले. सा, रे, ग, प, ध. आपल्याकडे संगीताच्या पहिल्या वर्षाला बसलेला विद्यार्थी म्हणेल, "हा तर भूप!" आणि भूपात 'प ग रे' कोणाच्या मालकीचे असणार? आमच्या गाण्यात राग हा सार्वजनिक पाणवठा आहे. कोणी किती भरून नेले यावर भांडण होत नाही, कसे वाढले यावर होते. पण पाश्चात्त्य सुगम संगीताचा व्यवहार वेगळा. तिथे चाल ही लिहून ठेवलेली, नोंदवलेली मालमत्ता असते. न्यायालयाने स्वर कोणाचे हे विचारलेच नाही. हे तुकडे, या क्रमाने, इतक्या वेळा, हे विचारले. जॉर्ज साक्षीला उभा राहिला, गिटार घेऊन. आपल्या डोक्यात एडविन हॉकिन्सच्या वृंदाचे 'ओ हॅपी डे' हे भजन होते असे त्याने सांगितले. न्यायाधीशांनी त्याला खोटारडा ठरवले नाही. त्याने जाणूनबुजून चोरी केली नाही, पण ते गाणे त्याच्या सुप्त मनात होते आणि तिथून ते बाहेर आले. कायद्याच्या दृष्टीने तेही उल्लंघनच, असा निकाल झाला.

निकालाचा उत्तरार्ध मला जास्त बोचतो. बीटल्सचा आणि नंतर जॉर्जचा व्यवस्थापक असलेला ॲलन क्लाइन याने ज्या खटल्यात जॉर्जची बाजू सांभाळली होती, त्याच खटल्यातील फिर्यादी कंपनीचे हक्क १९७८ साली स्वतः विकत घेतले, ५,८७,००० डॉलर्सना! म्हणजे कालचा कारभारी आज सावकार होऊन दारात. १९८१ मध्ये न्यायालयाने त्याला या व्यवहारात नफा करू दिला नाही. जेवढ्याला घेतले तेवढेच जॉर्जने द्यावे असे ठरवले. तरी वाद नव्वदीपर्यंत रेंगाळला. पुढे जॉर्जने सांगितले की या प्रकरणानंतर नवे गाणे लिहायला बसणे कठीण झाले. रेडिओ लावला की प्रत्येक चाल दुसऱ्या कशासारखी तरी वाटे. रचनाकाराला याहून मोठा दंड तो कोणता?

दावा दाखल झाला त्याच वर्षी, म्हणजे १९७१ मध्ये, त्याने ते काम केले ज्यासाठी त्याचे नाव गाण्यांच्या पलीकडे गेले. नोव्हेंबर १९७० च्या चक्रीवादळाने पूर्व बंगाल उद्ध्वस्त झाला होता; मार्चपासून लष्कराचा अत्याचार सुरू झाला आणि निर्वासितांचे लोंढे भारतात येऊ लागले. रविशंकरांचे घराणे मूळचे पूर्व बंगालचे. एक कार्यक्रम करून पंचवीसेक हजार डॉलर जमवावेत, असे त्यांच्या मनात होते. ते त्यांनी जॉर्जजवळ बोलून दाखवले. जॉर्जने टेलिफोन उचलला आणि पुढचे काही आठवडे तो खाली ठेवला नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुपारी एक आणि रात्री एक असे दोन कार्यक्रम झाले. दोन्ही मिळून सुमारे चाळीस हजार श्रोते होते. रिंगो आला. लेनन आणि मॅकार्टनी आले नाहीत. एरिक क्लॅप्टन आजारी अवस्थेत आला. बॉब डिलन येणार की नाही हे शेवटच्या क्षणापर्यंत नक्की नव्हते. जॉर्जने गिटारवर चिकटवलेल्या कार्यक्रमाच्या चिठ्ठीत 'बॉब' या नावापुढे प्रश्नचिन्ह होते. डिलन आला.

कार्यक्रमाचा आरंभ रविशंकर, सरोदवर अली अकबर खाँ, तबल्यावर अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती यांनी केला. त्यांनी वाद्ये लावून घेतली आणि श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला! रविशंकरांनी मिश्कीलपणे सांगितले की नुसते सुरात लावणे इतके आवडले असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे. हा किस्सा आपण हसून सांगतो. मला त्यात दुसरेही दिसते : त्या हजारो लोकांना सतारीसमोर बसवले होते एका पॉप गायकाने, स्वतःच्या नावाच्या जोरावर, आणि स्वतः मागे उभे राहून.

दारावरची मिळकत २,४३,४१८ डॉलर्स आणि काही सेंट. ती युनिसेफकडे गेली. पण तीन तबकड्यांचा संच आणि चित्रपट यांचे उत्पन्न मात्र अडकले. कारण अगदी कारकुनी होते. कार्यक्रम आधीपासून युनिसेफच्या नावे नोंदवलेला नव्हता, म्हणून अमेरिकन प्राप्तिकर खात्याने करमाफी दिली नाही आणि कोट्यवधींची रक्कम बरीच वर्षे अडवून धरली. तबकडी कंपनीशीही खर्चावरून ओढाताण झाली. त्या कंपनीच्या प्रमुखपदी तेव्हा कोण असावे? मुंबईच्या स्टुडिओत कलकत्त्याहून यंत्र आणवणारे भास्कर मेनन! नोव्हेंबर १९७१ मध्ये जॉर्जने दूरदर्शनवरील मुलाखतीत त्यांचे नाव घेऊन जाहीर तक्रार केली, आणि पुढच्याच महिन्यात संच बाजारात आला. त्या संचाला १९७३ चे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. १९८५ पर्यंत सुमारे एक कोटी वीस लाख डॉलर बांगलादेशाला पोचले, असा अंदाज दिला जातो. पंचवीस हजारांच्या अपेक्षेने सुरू झालेल्या कामाचा हा शेवट. त्यानंतर जगात मदतीसाठी जे जे मोठे संगीताचे कार्यक्रम झाले, ते या पायवाटेने गेले.

आता उन्हाचा त्रास. १९७३ ची 'लिव्हिंग इन द मटेरिअल वर्ल्ड' ही तबकडीही अमेरिकेत पहिली आली. सगळे उत्तम चालले होते. १९७४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात जॉर्ज उत्तर अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला. बीटल्सपैकी फुटीनंतर तिथे दौरा काढणारा हा पहिलाच. सोबत रविशंकरांचा मोठा वाद्यवृंद : अल्लारखाँ, हरिप्रसाद चौरसिया, शिवकुमार शर्मा, सुलतान खाँ, एल. सुब्रह्मण्यम, गायला लक्ष्मी शंकर. आज ही नावे एका फलकावर पाहिली तर आपण तिकिटासाठी रात्रभर रांग लावू. पण तिथला श्रोता बीटल्स ऐकायला आला होता. तालमी आणि नवी तबकडी एकाच वेळी केल्यामुळे जॉर्जचा घसा पार बसला होता. जुनी गाणी तो फारशी गाईना. गायलीच तर त्यांतले शब्द बदलून गाई. लोक बीटल्सच्या नावाने ओरडत. तो त्यांना शांतपणे भारतीय संगीत ऐकायला सांगे. शिकागोला रविशंकरांना हृदयविकाराचा झटका आला. समीक्षकांनी दौऱ्याच्या चिंधड्या केल्या. लोकांचे चुकले असे मला म्हणवत नाही. पैसे मोजून आलेल्या माणसाला हवे ते मिळाले नाही तर तो चिडणारच. पण जॉर्जचेही समजते. संच सोडून पाच वर्षे होत आली, आणि अजून सभागृहातली प्रत्येक खुर्ची त्या संचाचीच. या दौऱ्यानंतर तो पुन्हा दौऱ्यावर गेला तो थेट १९९१ च्या डिसेंबरात, जपानला, क्लॅप्टनच्या सोबतीने. मध्ये सतरा वर्षे गेली.

या सतरा वर्षांतल्या तबकड्यांची जंत्री मी देत नाही. काही बऱ्या, काही विसरण्याजोग्या. १९८० साली नव्या कंपनीने त्याचा एक संच चार गाणी बदलण्यासाठी परत पाठवला. १९८२ ची तबकडी तर त्याने जाहिरातीलाही बाहेर न पडता सोडून दिली. त्याचे मन बागेत होते. हेन्ली गावी फ्रायर पार्क नावाचा जुना, एकशेवीस खोल्यांचा वाडा त्याने १९७० सालीच घेतला होता. त्याची रान माजलेली बाग त्याने वर्षानुवर्षे स्वतः राबून उभी केली. १९८० चे आत्मचरित्र त्याने जगभरच्या माळ्यांना अर्पण केले. (त्यात आपला उल्लेख नाही म्हणून लेनन दुखावला, आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला लेननचा खून झाला. तो दुरावा तसाच राहिला.) घरातही उलथापालथ झाली होती. पहिली पत्नी पॅटी क्लॅप्टनकडे निघून गेली. आणि तरी क्लॅप्टनशी मैत्री टिकली, हे आपल्या आकलनापलीकडचे. १९७८ साली ऑलिव्हिया एरिआसशी लग्न झाले. त्याच वर्षी १ ऑगस्टला मुलगा झाला, त्याचे नाव ठेवले 'धनी' : सप्तकातला धैवत आणि निषाद.

बाग सोडून तो मध्येच एका भलत्या उद्योगात पडला. 'माँटी पायथन' या विनोदी नटसंचाच्या 'लाइफ ऑफ ब्रायन' या चित्रपटातून भांडवलदार कंपनीने ऐनवेळी अंग काढून घेतले. जॉर्जला त्यांचे विनोद आवडत. त्याने वाडा गहाण टाकून पैसे उभे केले. कारण विचारले तर म्हणे, मला हा चित्रपट बघायचा होता! सिनेमाच्या तिकिटासाठी इतकी किंमत कोणी मोजली नसेल, असे त्या नटांपैकीच एकाने नंतर म्हटले. १९७९ साली चित्रपट निघाला, गाजला, आणि 'हँडमेड फिल्म्स' ही कंपनी उभी राहिली. 'टाइम बँडिट्स', 'मोना लिसा', 'विथनेल अँड आय' असे इंग्रजी सिनेमाच्या इतिहासात नाव असलेले चित्रपट तिने दिले. शेवट कडूच झाला. कंपनी १९९४ साली विकली गेली आणि भागीदाराविरुद्ध जॉर्जला कोर्टात जावे लागले. १९९६ मध्ये एक कोटी सोळा लाख डॉलरचा निकाल त्याच्या बाजूने लागला. कारभाऱ्यांच्या बाबतीत त्याचे नशीब वाईट होते एवढे म्हणून पुढे जाऊ.

१९८७ साली जेफ लिनच्या मदतीने केलेल्या 'क्लाउड नाइन'ने त्याला पुन्हा लोकांसमोर आणले. 'गॉट माय माइंड सेट ऑन यू' हे दुसऱ्याने रचलेले जुने गाणे त्याने गायले, आणि जानेवारी १९८८ मध्ये ते अमेरिकेत पहिले आले. पण मला जास्त मोलाचे वाटते ते त्यानंतरचे. छोट्या तबकडीच्या मागच्या बाजूसाठी एक फालतू गाणे हवे होते. जॉर्ज, जेफ लिन आणि रॉय ऑर्बिसन जेवायला एकत्र होते. ध्वनिमुद्रणासाठी डिलनच्या मॅलिबूच्या घरचे गॅरेज मिळाले. टॉम पेटीही आला. शीर्षक सुचेना तेव्हा तिथल्या एका खोक्यावर 'काळजीपूर्वक हाताळा' अशी चिठ्ठी दिसली, आणि 'हँडल विथ केअर' तयार झाले. कंपनीने ऐकले आणि म्हटले, हे मागच्या बाजूला टाकण्याजोगे नाही. मग पाचही जणांनी मिळून १९८८ साली अख्खी तबकडी केली. संचाचे नाव 'ट्रॅव्हलिंग विल्बरीज'. मुखपृष्ठावर एकाचेही खरे नाव नाही. सर्वजण 'विल्बरी' आडनावाचे सावत्र भाऊ. जॉर्ज झाला नेल्सन विल्बरी. एक कडवे याने गायचे, एक त्याने. ऑर्बिसनचा आवाज लागला की बाकीचे खुशाल मागे सरकतात. ते ऐकताना मला १९६९ च्या तालमीतला तो चेहरा आठवतो. बीटल्स सोडताना त्याला संच नकोसा झाला नव्हता. संचातली रांग नकोशी झाली होती. पाच विल्बरींत रांगच नव्हती. ऑर्बिसन त्याच डिसेंबरात वारला. उरलेल्या चौघांनी १९९० मध्ये दुसरी तबकडी काढली आणि खोडसाळपणे तिला 'खंड तिसरा' म्हटले.

शेवटच्या वर्षांत त्याने स्वतःची नवी तबकडी काढली नाही. १९९७ मध्ये रविशंकरांच्या 'चँट्स ऑफ इंडिया' या मंत्रगायनाच्या संचाची निर्मिती केली. ध्वनिमुद्रण काही मद्रासला, काही त्याच्या घरी. त्याच वर्षी घशाचा कर्करोग निघाला. ३० डिसेंबर १९९९ च्या पहाटे एका मनोरुग्णाने घरात घुसून त्याला भोसकले. ऑलिव्हियाने प्रतिकार केला म्हणून तो वाचला. २९ नोव्हेंबर २००१ रोजी लॉस एंजेलिसला तो गेला, अठ्ठावन्नाव्या वर्षी. पुढच्याच जानेवारीत 'माय स्वीट लॉर्ड' इंग्लंडमध्ये एकतीस वर्षांनी पुन्हा पहिल्या क्रमांकावर आले.

बागेच्या कामातून वेळ काढून तो बरीच वर्षे काही गाणी हळूहळू मुद्रित करून ठेवत होता. ती कशी पुरी करायची, याच्या सूचना त्याने मुलाला देऊन ठेवल्या होत्या. धनी आणि जेफ लिन यांनी ती पुरी केली आणि नोव्हेंबर २००२ मध्ये 'ब्रेनवॉश्ड' या नावाने प्रसिद्ध झाली. शेवटचे गाणे चिडलेले आहे. जगातल्या कोलाहलावर ते तुटून पडते. मग ते थांबते, गिटार मावळते, तबला हलकेच लागतो, आणि आपल्याकडे कीर्तनाच्या किंवा आरतीच्या शेवटी होतो तो 'पार्वतीपते'चा घोष सुरू होतो, पुन्हा पुन्हा, संथ लयीत. दोन आवाज आहेत, बापाचा आणि लेकाचा. नीट कान देऊन ऐकले तरी पुढचा कोणता आणि मागचा कोणता हे मला वेगळे काढता येत नाही.